साथीच्या सालांतले इन्कमटॅक्सवाले

प्रत्येक सुशिक्षित घराला चार माणसें जन्माचीं बांधलेलीं असतात: कुळाचे उपाध्याय, घरचे डॉक्टर, ओळखीचे वकील आणि इन्कमटॅक्सचे कागद पाहणारे गृहस्थ. पहिल्या तिघांचा उल्लेख घरांत आदरानें होतो. चौथ्यांची आठवण वर्षांतून एकदांच होते, आणि तीहि कपाळाला आठी घालून. २०२० च्या मार्चमध्यें डॉक्टर व परिचारिका यांच्यासाठीं आपण सर्वांनीं गॅलरींत उभें राहून थाळ्या वाजविल्या, तें योग्यच झालें. या चौथ्या गृहस्थांसाठीं कोणीं साधी वाटीहि वाजविली नाहीं, आणि त्यांचीहि तशी अपेक्षा नव्हती. परंतु त्या दोन वर्षांत त्यांच्यावर काय प्रसंग आला, आणि आपल्याच घरांतलें काय काय त्यांना पाहावें लागलें, हें आमच्या वाचकांच्या कानांवर घालण्यासारखें आहे.

साथीपूर्वींचा हंगाम वाचकांस आठवत असेलच. आषाढाचा पाऊस, ३१ जुलै तोंडावर आलेली, आणि पुण्याच्या पेठेंतल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या माडीवर दोन टेबलें, तीन संगणक व भिंतीशीं एक लांबलचक बांक. जिन्याशीं निथळत्या छत्र्यांची रांग. बांकावर बसलेल्या प्रत्येकाच्या मांडीवर एक कापडी पिशवी, आणि त्या पिशवींत फॉर्म नंबर १६, बँकांचीं पासबुकें, विम्याच्या पावत्या, घरभाड्याच्या चिठ्ठ्या व देणगीची एखादी पावती, जिच्यावर हवा तो नंबर नेमका छापलेला नसतो. आम्ही स्वतः अशा एका माडीवर वीस-बावीस वर्षें जात आहों. तेथील गृहस्थ सनदी हिशेबतपासनीस, म्हणजे ज्यांना सगळे सी. ए. म्हणतात ते आहेत. पण या व्यवसायांत बँकेंतून निवृत्त झालेले, विम्याचें काम करतां करतां हें शिकलेले, दुकानाच्या एका कोपऱ्यांत टेबल टाकून बसलेले असेहि पुष्कळ आहेत. आम्ही पुढें सांगणार तें थोड्याफार फरकानें त्या सर्वांना लागू आहे.

बाहेरून पाहणाराला हें काम आकड्यांचें वाटतें. आकडे हल्लीं यंत्रच मांडतें. कागदांत जें नाहीं तें बोलण्यांतून काढून घेणें, हें माणसाचें काम. “मुलीचें लग्न कसें झालें?” असें सल्लागार सहज विचारतात, आपण कौतुकानें सांगूं लागतों, आणि मोडलेली ठेव, गांवीं विकलेला जमिनीचा तुकडा, दागिने करतांना कोणाकडून घेतलेली रक्कम हें सारें हळूहळू टेबलावर येतें. उपाध्यायांना आपलें गोत्र ठाऊक, डॉक्टरांना आपलें दुखणें ठाऊक. पण घरांतला कोण कोणाला गुपचूप पैसे देतो हें या गृहस्थांखेरीज कोणालाच ठाऊक नसतें. साथीनें त्यांच्यापासून हिरावून घेतलें तें हें टेबल.

२४ मार्च २०२० च्या रात्रीं देशभर टाळेबंदी जाहीर झाली. या व्यवसायाच्या दृष्टीनें याहून वाईट मुहूर्त शोधून सांपडला नसता. आठवड्यावर ३१ मार्च, म्हणजे आर्थिक वर्षाची अखेर, करांत सूट मिळावी म्हणून बचत करण्याची अखेर, आणि आदल्या खेपेचें राहून गेलेलें विवरणपत्र भरण्याचीहि अखेर. लोकांचे कागद माडीवर कुलुपांत, आणि माडीचे मालक शहराच्या दुसऱ्या टोकाला घरांत अडकलेले. संगणकाला लावावयाची, डिजिटल सहीची ती बोटाएवढी किल्लीसुद्धां खणांतच राहिलेली. आमचे सल्लागार सांगतात कीं, पहिले चार दिवस त्यांना साथीपेक्षां त्या किल्लीची स्वप्नें अधिक पडलीं.

३१ मार्चलाच सरकारचा वटहुकूम निघाला आणि मुदती पुढें गेल्या. मागच्या राहिलेल्या विवरणपत्रांची मुदत प्रथम ३० जून, मग ३१ जुलै, मग ३० सप्टेंबर, आणि अखेर ३० नोव्हेंबर झाली. चालू विवरणपत्रांची ३१ जुलैची मुदत ३० नोव्हेंबरवर गेली, तेथून ३१ डिसेंबरवर, आणि शेवटीं १० जानेवारी २०२१ वर. मुदत वाढली म्हणजे सुटका झाली, हें आपलें शाळेपासूनचें गणित; आपण बातमी वाचली, कागदांचें कपाट पुन्हां लावून घेतलें आणि स्वस्थ बसलों. या माणसांच्या बाबतींत मात्र सहा आठवड्यांचा हंगाम लांबून नऊ-दहा महिन्यांचा झाला. विवरणपत्र भरून पोंचपावती हातीं पडल्याखेरीज मोबदला देणारें गिऱ्हाईक विरळा. आणि माडीचें भाडें, दोन नोकरांचे पगार हें तर महिन्याच्या महिन्याला चालूच. आम्ही स्वतः त्या वर्षीं डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत कागद पाठविले, हें येथें कबूल केलेलें बरें.

शिवाय प्रत्येक सवलतीच्या पोटांत एक खोंच असे. मुदत वाढली, पण ज्यांचा एक लाखाहून अधिक कर भरावयाचा राहिला होता त्यांच्यावरचें व्याज मूळ तारखेपासूनच चालू राहिलें. असें व्याज लागलें कीं, राग निघे तो सल्लागारांवर. त्या सालची बचत ३१ मार्चऐवजीं ३१ जुलैपर्यंत करण्याची मुभा मिळाली, त्यासाठीं विवरणपत्राच्या नमुन्यांत एक नवें कोष्टक घालावें लागलें, आणि मे महिन्यांत भरलेला विम्याचा हप्ता सरलेल्या सालचा धरावयाचा कीं लागलेल्या सालचा, हा प्रश्न प्रत्येक घराला निरनिराळा विचारावा लागला. हा प्रश्न फोनवर समजावून देणें म्हणजे काय, हें ज्यानें आपल्या वडीलधाऱ्यांशीं फोनवर हिशेब केला असेल त्यालाच कळेल. हाताखालचे आर्टिकल, म्हणजे सी. ए. होऊं पाहणारे उमेदवार, आपापल्या गांवीं अडकले. त्यांची मे २०२० ची परीक्षा पुढें ढकलतां ढकलतां अखेर नोव्हेंबरच्याच परीक्षेंत मिसळली. तीं मुलें दिवसा दुसऱ्यांचीं विवरणपत्रें भरीत आणि रात्रीं, होईल कीं नाहीं हेंच ठाऊक नसलेल्या परीक्षेचा अभ्यास करीत.

येथें थोडें विषयांतर करतों. या देशांत हा कर प्रथम बसविला तो १८६० सालीं, सत्तावनच्या बंडानें रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठीं. तो बसविणारे जेम्स विल्सन कायदा झाल्यावर तीन आठवडेहि जगले नाहींत. कलकत्त्यास आमांशानें गेले. पुढें १९१८ सालीं इन्कमटॅक्सचा नवा कायदा आला आणि त्याच वर्षीं इन्फ्लुएन्झाची ती भयंकर साथहि आली. त्या वेळीं कर भरणारे थोडे होते, म्हणून त्या योगाची कोणाला आठवण राहिली नाहीं. २०२० मध्यें मात्र कोट्यवधि घरें या खातेवहींत आलेलीं होतीं.

आतां टेबलाऐवजीं फोन आला. कागदांचे फोटो व्हॉट्सअॅपवर येऊं लागले. कोणाचा तिरपा, कोणाचा अंधारांत काढलेला, आणि नेमक्या आकड्यावर फोटो काढणाराचा अंगठा. आम्हीं एकच पासबुकाचें पान तीन वेळां पाठविलें आणि दुसरें पाठविलेंच नाहीं. आमचे सल्लागार हीं पानें मोठीं करून, वर्षानुवर्षांच्या सवयीनें, “यांच्या सौभाग्यवतींची पोस्टांतली मासिक योजना यंदां दिसत नाहीं” असें ओळखीत आणि फोन करीत. ज्या घरांची अशी ओळख नव्हती त्यांच्या बाबतींत कागदांत नसलेलें कागदांतच राहिलें.

ओटीपीची गंमत तर निराळीच. विवरणपत्र भरल्यावर तें आपलेंच आहे हें कबूल करावें लागतें, आणि त्यासाठीं आधारला जोडलेल्या मोबाइलवर सहा आंकडी संदेश येतो. पेठेंतल्या एका आजोबांचा आधारला जोडलेला नंबर त्यांच्या मुलाचा, आणि मुलगा कॅलिफोर्नियांत. येथें सकाळचे साडेदहा म्हणजे तेथें रात्रींचे दहा, इतकें ठीक; पण येथें दुपारीं तीन वाजतां काम निघालें कीं, तेथें त्या मुलाला मध्यरात्रीं दोन-अडीचला उठवावें लागे, कारण तो संदेश कांहीं मिनिटांतच निरुपयोगी होतो. दुसरा मार्ग पोंचपावतीवर सही करून ती टपालानें बंगळूरच्या कचेरीस पाठविण्याचा. आजोबांनीं तोच पत्करला. मात्र टाळेबंदी उठेपर्यंत तें पाकीट देवघरांतल्या कोनाड्यांत, समईच्या मागें, सांभाळून ठेविलें.

२०२१ चा एप्रिल उजाडला तो दुसरी लाट घेऊन. त्या लाटेविषयीं येथें अधिक लिहीत नाहीं. बहुतेक घरांत कोणी ना कोणी गेलें आहे. त्याच जूनमध्यें, १ ते ६ तारखेपर्यंत जुनें संकेतस्थळ बंद ठेवून, ७ तारखेस इन्कमटॅक्स खात्यानें नवें सुरू केलें. तें बांधण्याचें काम इन्फोसिस कंपनीकडे होतें. पहिल्या दिवसापासून तें अडखळूं लागलें: ओटीपी येईना, व्याजाचें गणित चुके, भरलेलें पान पुसलें जाई. मुदत ३० सप्टेंबरपर्यंत वाढविलेली असतां ऑगस्ट लागतांच कांहींजणांना विलंबशुल्क लागूं लागलें. तें पुढें खात्यानें दुरुस्त केलें. २३ ऑगस्टला अर्थमंत्र्यांनीं कंपनीच्या प्रमुखांना बोलावून जाब विचारला, आणि मुदत ३१ डिसेंबरवर गेली. त्या तारखेपर्यंत ५ कोटी ८९ लाख विवरणपत्रें भरलीं गेलीं, त्यांतलीं ४६ लाख एकट्या शेवटच्या दिवशीं. आमचे सल्लागार त्या उन्हाळ्या-पावसाळ्यांत पहाटे तीनला उठून बसत, कारण त्या वेळीं संकेतस्थळ थोडें चाले. काकड आरतीची वेळ ती, असें ते म्हणत.

पण संकेतस्थळाचा ताप त्यांनीं हंसून सांगितला. दुसरी एक गोष्ट सांगतांना ते हंसत नसत. त्या वर्षीं जुन्या गिऱ्हाइकांना नेहमींप्रमाणें “काका, कागद पाठवा” म्हणून फोन करावा, आणि पलीकडून बाईचा किंवा मुलाचा आवाज यावा, असें पुनःपुन्हां घडलें. यादींतल्या पुढच्या नांवाला फोन लावण्यापूर्वीं ते थांबूं लागले. प्रथम शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी, मग फोन.

मरणानें कर सुटत नाहीं. तेव्हां लागू असलेल्या १९६१ च्या कायद्याप्रमाणें गेलेल्या माणसाचें विवरणपत्र त्याच्या वारसानें भरावयाचें असे. त्यासाठीं वारसानें संकेतस्थळावर आपली नोंद करावयाची. मृताचें पॅन, मृत्यूचा दाखला, आणि आपण वारस आहों याचा पुरावा द्यावयाचा. वारसदाखला, नोंदलेलें मृत्युपत्र, किंवा सरकारी नोकर असल्यास कुटुंबनिवृत्तिवेतनाचा कागद, यांपैकीं कांहीं तरी. १ एप्रिलपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतचें उत्पन्न मृताचें, त्यानंतरचें ज्याचें त्याचें. इस्पितळाचीं बिलें हा आणखी एक विषय. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास एरवीं बंदी असते. ७ मे २०२१ ला सरकारनें इस्पितळांपुरती, एप्रिल-मे या दोन महिन्यांसाठीं, ती उठविली. लोकांनीं कोणत्या अवस्थेंत पैसे उभे केले असतील हें त्या एका अधिसूचनेवरून दिसतें. २५ जूनला जाहीर झालें कीं, उपचारासाठीं मालकानें किंवा इतरांनीं दिलेल्या मदतीवर कर लागणार नाहीं. तसेंच मृत्यूनंतर कुटुंबाला मालकाकडून मिळालेली रक्कम कितीहि असो, व इतरांकडून मिळालेली दहा लाखांपर्यंत, करमुक्त राहील. कायद्यांत तें २०२२ सालीं आलें. जेथें एकत्र कुटुंबाचें निराळें पॅन होतें तेथें कर्ता गेल्यावर नवा कर्ता कोण, हाहि प्रश्न उभा राहिला. २००५ पासून मुलींचाहि त्यांत समान हक्क आहे हें ऐकून चार-दोन घरांतील काकामंडळी चकित झालीं, असें आमच्या कानीं आलें.

हे सारे नियम. पण त्यांच्या आड काय असे, त्याची एक हकीकत सांगतों. ती ज्यांची आहे त्या बाईंनींच आम्हांला सांगितली, आणि नांव-ठिकाण न देतां छापण्यास संमति दिली.

त्यांचे यजमान १९ एप्रिल २०२१ ला गेले. बाई पदवीधर, शाळेंत संस्कृत शिकविलेल्या; पण घरांतल्या कागदांच्या कपाटाला त्यांनीं कधीं हात लावलेला नव्हता. लावूं दिला नव्हता असें म्हणणें अधिक खरें. मुलगा परगांवीं नोकरीला. सल्लागारांच्या संगणकावर मात्र त्या घराचीं अकरा वर्षें ओळीनें मांडलेलीं होतीं, आणि त्यांत एका सहकारी बँकेंतल्या ठेवीचें व्याज दर वर्षीं दाखविलेलें होतें. यजमानांनीं ती ठेव आपल्या विधवा बहिणीसाठीं ठेविली होती. व्याज ते तिला पाठवीत, आणि मागें नांवहि तिचेंच लावलें होतें. वाड्याच्या वाटणीवरून त्या बहिणीशीं घराचें बोलणें पूर्वींच तुटलें होतें. “हें आमच्या घरांत कोणाजवळ बोलूं नका,” असें त्यांनीं पहिल्याच वर्षीं बजावलें होतें, आणि सल्लागारांनीं तें पाळलें होतें.

आतां विवरणपत्र बाईंच्या सहीनें जावयाचें. तें न दाखवितां सही कशी घ्यावी? व्याज गाळावें तर तें खोटें, आणि बँकेनें कापलेला कर २६-ए-एस या तक्त्यांत खात्याला दिसतच होता. बरें, फोनवर सांगावें, तर नवरा जाऊन दोन महिने झालेले. सल्लागार आठ दिवस विचार करीत राहिले. शेवटीं दोन मुखपट्ट्या बांधून, वेळ ठरवून, ते त्यांच्या इमारतीखालीं गेले. बाई खालीं येऊन पारिजातकाच्या कट्ट्याशीं उभ्या राहिल्या. तेथें गेल्यावर त्यांच्या ध्यानांत आलें कीं, सहा फुटांवरून कुजबुजतां येत नाहीं. वर तीन मजल्यांवरच्या गॅलऱ्यांत माणसें उभीं होतीं. तेव्हां त्यांनीं खिशांतल्या पाकिटाच्या पाठीवर बँकेचें नांव, रक्कम आणि ठेवीला कोणाचें नांव लावलें आहे तें लिहिलें, तें पाकीट कट्ट्यावर ठेविलें आणि मागें सरले.

बाईंनीं तें वाचलें. मग म्हणाल्या, “वन्संच्या नांवानें ठेव आहे हें मला पहिल्यापासून ठाऊक आहे, भाऊजी. बँक कोणती, तेवढें ठाऊक नव्हतें.”

सल्लागारांनीं कर्तव्य म्हणून तेंहि सांगितलें कीं, वहिनी, ज्याचें नांव लावलेलें असतें त्याच्या हातीं बँक पैसे देते खरी, पण तेवढ्यानें तो मालक होत नाहीं. वारस तुम्ही आणि तुमचा मुलगा, मागावयाचें तर तुम्हांला मागतां येईल.

“आणि आम्ही कांहीं बोललोंच नाहीं तर?”

“तर पैसे वन्संकडेच राहतील.”

“मुलाला मी सांगेन. आतां विवरणपत्राचें काय तें सांगा.”

मुलाची समजूत पडण्यास मात्र गणपति जाऊन दसरा आला. त्याचेंहि सर्वस्वीं चुकलें असें आम्हांस वाटत नाहीं. इस्पितळाचें कर्ज त्याच्या डोक्यावर होतें, आणि आत्याचा त्याला लहानपणापासून परिचय नव्हता. तोंवर कागद सल्लागारांकडे पडून राहिले, आणि या एका घरापुरती तरी मुदतवाढ कामीं आली. विवरणपत्र डिसेंबरच्या २८ तारखेस गेलें. त्यावर बाईंचें नांव वारस म्हणून प्रथमच चढलें.

२०२२ मध्यें ३१ जुलैची मुदत वाढली नाहीं. तो दिवस रविवार होता आणि पाऊस लागून राहिला होता. आदल्या आठवड्यांत आम्ही माडीवर गेलों तेव्हां बांक पुन्हां भरलेला होता; कांहींजणांच्या तोंडावर पट्टी, कांहींची हनुवटीवर. त्याच बांकावर त्या बाई बसल्या होत्या. पिशवी त्यांची स्वतःची होती, आणि आंतले कागद बँकवार लावून टांचण्या मारलेले. स्वतःचें विवरणपत्र तर होतेंच. दुसरें यजमानांचें, १ एप्रिलपासून १९ एप्रिलपर्यंतच्या एकोणीस दिवसांचें. कर कांहीं लागणार नव्हता, पण बँकेनें कापलेला थोडा परत मिळवावयाचा होता. सल्लागारांनीं त्यांना पुढें बोलावलें, पिशवी घेतली, आणि नेहमींच्या सवयीनें विचारलें, “वन्सं कशा आहेत?”

“आल्या आहेत आमच्याकडे, चातुर्मासापुरत्या,” बाई म्हणाल्या, आणि पावत्या काढूं लागल्या.